दापोलीत राहायला यायचं म्हणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरात चार दिवस येऊन गेलेली माणसं फोन करतात आणि विचारतात, "आम्ही कायमचे आलो तर?" त्यांच्यासाठी, आणि मुंबईतलं आयुष्य आटोपून गावाकडे परतायचं मनात असलेल्या चाकरमान्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. मी इथे राहते, हे गाव मला मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्रासाच्या गोष्टी झाकून ठेवणार नाही. एक सल्ला मात्र सगळ्यांना सारखाच देते: जागा बघायच्या आधी एक अख्खा पावसाळा इथे भाड्याने राहा. बाकीचं सगळं त्यानंतर.

दापोली डोंगरावर आहे की समुद्रावर?

गाव डोंगरावर आहे आणि तालुका समुद्राला लागून. दापोली शहर समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फुटांवर, सपाट माथ्यावर वसलेलं आहे. कर्दे, मुरुड, लाडघर, हर्णै हे किनारे गाडीने अर्ध्या-पाऊण तासात येतात. या थोड्याशा उंचीने बराच फरक पडतो. एप्रिलच्या दुपारी हर्णैला अंगाला घाम चिकटलेला असतो, तेव्हा वर दापोलीतल्या आझाद मैदानाच्या कडेला झाडाखाली वारा लागतो. थंडीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा कधीकधी १० अंशांच्या आसपास उतरतो. किनाऱ्यावरच्या कोकणात असं सहसा होत नाही. 'मिनी महाबळेश्वर' हे नाव त्यामुळेच पडलं. मात्र महाबळेश्वरसारखा बाजार आणि पॉइंटांची रांग इथे शोधू नका. हे तालुक्याचं गाव आहे: कचेरी, कोर्ट, शाळा-कॉलेजं, एसटी स्टँड आणि संध्याकाळी लवकर मिटणारी दुकानं.

पाऊस किती पडतो? सोसवतो का?

सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकड्याने काही कळत नाही, म्हणून रोजच्या जगण्यातलं सांगते. कपडे वाळत नाहीत. चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते. मीठ सुटतं, पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही. जांभ्या चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि आतून ओल धरते. गिलावा केला तरी दोन-तीन पावसाळ्यांत डाग उमटतातच. एकदा झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि ज्यांना आधीच उदास वाटण्याचा त्रास आहे त्यांना आषाढ फार जड जातो. हे मी गांभीर्याने सांगते आहे. सोसायटीच्या खिडकीतून पाऊस बघणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं.

म्हणून इथे 'आगोट' असते. पावसाच्या आधीची ही बेगमी अजूनही घरोघरी चालते. मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, पडवीला झावळ्या किंवा ताडपत्री बांधायची, लाकडं आत रचायची. मसाला, कुळीथ, सुकट, सोडे, सुके बोंबील, आमसुलं, सांडगे, फेण्या असं सगळं बरण्या-डब्यांत भरून ठेवायचं. फ्लॅटमध्ये राहणार असलात तरी आगोटीचं गणित शिका. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती अजून चालते आणि डीह्युमिडिफायर परवडत असेल तर घ्याच.

आणि हाच पाऊस इथल्या सुखाचं मूळही आहे. पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात कातळावर हिरवं पोपट गवत उगवतं, बांधावर टाकळा आणि कुर्डू येतं, रानात भारंगी आणि फोडशी. लावणीच्या दिवसांत खाचरांत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बायांचे आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतात. श्रावण लागला की ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो. भाद्रपदात भात पोटरीला येतं, तेव्हा सकाळी त्याचा एक कोवळा वास सुटतो. तो वास घेतला की मला तरी आषाढाबद्दल तक्रार उरत नाही.

एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात टँकर का लागतात?

हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण योग्य प्रश्न विचारत असतो. इथली जमीन जांभ्याची, सच्छिद्र आणि उताराची आहे. पाणी मुरतं खरं, पण टिकत नाही. झऱ्यांवाटे पऱ्ह्यात, म्हणजे लहान ओढ्यात येतं, पऱ्ह्यातून नदीत आणि तिथून काही तासांत खाडीत. डोंगरउतारावरच्या वाड्यांच्या विहिरी मार्चपासून खाली जायला लागतात आणि मे महिन्यात बायका हंडे घेऊन उभ्या असतात. मला या गावाची सगळ्यात जास्त खंत कशाची असेल तर याची आहे. पऱ्ह्यावर पोती आणि दगड घालून बांधलेले वनराई बंधारे, छपरावरचं पाणी टाकीत घेणं, कातळावर खोदलेली शेततळी हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत आणि जिथे गावाने मिळून केले तिथे विहिरीला महिनाभर पाणी जास्त राहतं. तुम्ही घर बांधणार असाल तर स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडायच्या आधी पाण्याच्या टाकीची जागा ठरवा. भाड्याने घेताना मालकाला "एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी येतं?" असं थेट विचारा आणि शेजाऱ्यालाही विचारा.

लाईट आणि नेटवर्क कसं आहे? घरून काम जमेल का?

शहरात जमतं, वाडीत बघून ठरवावं लागतं. बाजारपेठेच्या आसपास, विद्यापीठाच्या भागात फायबर आहे. दरीतल्या किंवा खाडीकाठच्या घरात मोबाईलला रेंज मिळावी म्हणून अंगणातली ठरावीक जागा शोधावी लागते. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाईट जाते. कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी. इन्व्हर्टर हवाच आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाबद्दल इथे कुणालाही विचारा, तो दिवस तास-तास करून सांगेल. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार राहिला. नारळाचं झाड लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातात. ज्यांचं सगळं उत्पन्न बागेवर होतं, त्यांना पुन्हा रोपापासून सुरुवात करावी लागली, आणि बहुतेकांनी केली. इथे राहायला येणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, कारण घराचं छप्पर कसं बांधायचं आणि झाड घरापासून किती लांब ठेवायचं हे त्या दिवसानंतर इथे नव्याने ठरलं.

मुंबई-पुण्याहून ये-जा कशी?

दापोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन खेड, साधारण ३० किलोमीटर. कोकणकन्या आणि मांडवी तिथे थांबतात. पुढे एसटी किंवा रिक्षा. रस्त्याने मुंबई सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चालू असल्याने अंतरावरून वेळेचा अंदाज बांधू नका. कशेडी घाटाला बोगदा झाल्याने खेडकडून येणं मात्र बरंच सोपं झालं. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत निघालात तर पाणी, खाणं आणि भरपूर सबुरी सोबत घ्या.

खाड्यांवरच्या फेरीबोटी मला या भागातली फार चांगली सोय वाटते. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट बोटीत बसलं की पलीकडे गुहागर तालुका. नाहीतर चिपळूणचा वळसा. तसंच वेसवीहून बागमांडल्याला उतरलं की श्रीवर्धन. बोटीच्या वेळा भरती, ओहोटी आणि हवामानावर बदलू शकतात, हे ध्यानात ठेवून निघा.

साप, विंचू, बिबट्या?

आहेत. बिबट्या बहुतेकदा कुत्र्याच्या मागे वाडीत येतो, माणसाच्या मागे नाही. रात्री गोठ्याचं दार लावा. सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी इथे भेटतात. फुरसं आकाराने लहान असतं, कातळावर दगडाखाली बसतं, त्यामुळे हात घालण्याआधी काठीने दगड हलवायची सवय लावा. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बूट. शेतात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापापासूनही तेवढंच संरक्षण.

लाल विंचू पूर्वी कोकणात फार माणसं मारायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून ते मृत्यू कमी करून दाखवले आणि त्यांचं काम जगभर पोचलं. तेव्हा विंचू किंवा साप चावला तर मंत्र, चिरा देणं, पट्टी आवळणं यात एक मिनिटही घालवू नका, माणसाला शांत ठेवून सरळ दवाखान्यात न्या.

मोठं आजारपण आलं तर?

दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, चांगले खाजगी डॉक्टर आहेत, रोजच्या आजारांना अडत नाही. हृदयविकार, मेंदूचा झटका, गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यासाठी चिपळूण, डेरवण किंवा थेट मुंबई-पुणे गाठावं लागतं आणि मध्ये घाटरस्ता आहे. डायलिसिस किंवा नियमित तपासणी लागणारं कुणी घरात असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. निवृत्तीनंतर येणारी जोडपी बागेचा विचार वर्षभर करतात आणि याचा करतच नाहीत. रात्री दोन वाजता गाडी कोण चालवेल, हे आजच ठरवून ठेवा.

जागा घ्यावी का?

पहिल्या वर्षी नको. आणि नंतर घ्याल तेव्हा घाई नको.

शेतजमीन असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते. एजंट "ते आपण बघून घेऊ" म्हणाला तर तिथेच थांबा. सातबारा स्वतः वाचा. कोकणात एकाच सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं असणं नेहमीचं आहे: आजोबांचे चार भाऊ, त्यांची मुलं, मुंबईला गेलेल्या आत्या, कुणी वारलेलं, कुणाच्या वारसांची नोंद झालेलीच नाही. त्यातल्या दोघांनी सह्या केल्या म्हणून जमीन तुमची होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का बघा, जुने फेरफार काढा, मोजणी करून घ्या. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर, हेही तपासा, कारण शेजारी बदलतो. समुद्राजवळची जागा असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम लागतात.

याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. तुम्ही ज्या 'वरकस', म्हणजे भातखाचराबाहेरच्या हलक्या जमिनीच्या तुकड्याला पडीक समजता, तिथे कुणाची तरी गुरं चरतात, कुणी पावसाआधी कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडून आणतं, वाडीची पायवाट तिथून देवळाकडे जाते. खरेदीखत झाल्याबरोबर चारी बाजूंनी चिऱ्याची गडग (कुंपणाची भिंत) आणि लोखंडी गेट घालणारे लोक पुढची वीस वर्षं वाडीशी भांडण विकत घेतात. आधी गावातल्या जाणत्या माणसांना भेटा, पायवाट कुठून जाते विचारा आणि ती तशीच राहू द्या.

खाण्यापिण्याचं कसं?

इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे राहण्याचं सुख रोज ताटात येतं.

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. होड्यांमधून टोपल्या उतरतात, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. किरकोळ घ्यायला आलेल्याने आधी बाजूला उभं राहून बघावं, मग कोळणीशी बोलावं. पापलेट आणि सुरमईच्या मागे सगळे असतात. तुम्ही बांगडा, मांदेली, तिसऱ्या, खाडीतली कालवं खायला शिका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळी आणि रानभाज्या. त्या दोन महिन्यांत कुणी ताजं पापलेट देऊ केलं तर ते कुठून आलं विचारा. बंदी पाळली जाते म्हणून तर पुढे मासा मिळतो.

भाजी मात्र महाग वाटेल. बरीचशी घाटावरून येते आणि घाट बंद झाला की दर चढतात. त्याऐवजी दारावर येणाऱ्या आजींकडून घ्या: अळू, लाल माठ, पडवळ, काकडी, फणसाची कुयरी. कोकम, कुळीथ, गावठी तांदूळ वर्षाचं एकदम भरा. मे महिन्यात आंबा विकत घ्यावा लागला तर समजा की अजून शेजार जुळायचा आहे.

स्वतः काही लावता येईल का?

लावता येईल, टिकवणं अवघड. माकडं आणि वानरं आता वाडीच्या आत येतात, शहाळी पाडतात, केळीचा घड संपवतात, कौलं फोडतात. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग, रताळी उकरतात. कित्येक घरांनी परसात भाजी करणं सोडून दिलं. शेतकऱ्याच्या मेहनतीवर दरवर्षी पडणारा हा घाला आहे, आणि गावातला माणूस यावर चिडून बोलला तर त्याला प्राणिप्रेम शिकवू नका.

आंबा, काजू, फणस लावायचा असेल तर १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ दारातच आहे. त्यांच्या रोपवाटिकेत खात्रीची कलमं मिळतात आणि विचारलं तर माहितीही मिळते. हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेला 'रत्ना', त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून काढलेला नावापुरत्या कोयीचा 'सिंधू' ही याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातली देणगी. एक-दोन झाडं घरासाठी जरूर लावा. बाग धंदा म्हणून करायची असेल तर मोहोरावर पडणारा अवकाळी पाऊस, तुडतुडे, राखणीला न मिळणारी माणसं, हे सगळं आधी एखाद्या बागायतदाराबरोबर एक हंगाम काढून बघा.

लोक बाहेरच्यांना सामावून घेतात का?

दापोली शहर बाहेरच्यांना सरावलेलं आहे. १८१८ नंतर कंपनीच्या फौजेची छावणी इथे बसली, म्हणून जुनी माणसं 'कॅम्प दापोली' म्हणत. पेन्शनीत निघालेले सैनिक इथे स्थायिक होत. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर इथेच राहायला आले आणि बाबासाहेबांच्या अगदी लहानपणीचा काही काळ दापोलीत गेला. पुढे विद्यापीठामुळे विदर्भ, मराठवाड्यातली कुटुंबं आली. त्यामुळे बाजारात तुमच्या बोलण्यावरून कुणी तुम्हाला परकं करत नाही.

वाडीत वेळ लागतो. तिथे "गाव कुठलं?" हा पहिला प्रश्न आणि त्यामागून दहा प्रश्न. तुमच्याकडे कोण आलं, गाडी किती वाजता गेली, सगळं सगळ्यांना कळतं. शहरात वाढलेल्या सुनांना, एकट्या राहणाऱ्या बायकांना याचा जाच होतो, हे खरं आहे आणि ते 'आपुलकी' म्हणून गोड करून सांगणं मला पटत नाही. पण तुमचं दार सकाळी नऊपर्यंत उघडलं नाही तर याच नजरेमुळे कुणीतरी हाक मारायला येतं. मुसळधार पावसात वाट बंद झाली की दूध पोचवणारा मुलगा हाच शेजारचा असतो. मी दोन्ही अनुभवलं आहे.

सणांना काय करावं?

गणपतीला बंद घरं उघडतात, मुंबईहून माणसं येतात, रात्री जाखडीचा नाच आणि आरत्या. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. तुमच्या दारी आली तर अंगण सारवून किंवा झाडून ठेवा, रांगोळी काढा, ओटी भरा. मानपान ठरलेले असतात, त्यात नवख्याने सूचना करू नयेत. पाहुणचार करा आणि पालखी नाचते तेव्हा बाजूला उभे राहून बघा.

शनिवार-रविवारची गर्दी?

मुरुड-कर्द्याला ती वाढत चालली आहे. किनाऱ्यावर गाड्या पळवणं, दारूच्या बाटल्या फोडणं, ओहोटीच्या वेळी खोल पाण्यात जाणं याचा स्थानिकांना मनस्वी त्रास होतो. वाळूत गाड्या घातल्या की आणखी एक नुकसान होतं. अंजर्ले आणि पलीकडे मंडणगडातलं वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती घरटी जपली. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आधीच समज द्या. ते तुमचे पाहुणे म्हणूनच ओळखले जातील.

मुलांची शाळा? काम मिळेल का?

शाळा मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत, आणि चांगल्या आहेत. साने गुरुजी, भारतरत्न पां. वा. काणे यांच्या शालेय शिक्षणाची काही वर्षं याच गावात गेली. बारावीनंतर शेतीचा किंवा साध्या पदवीचा विचार नसेल तर मूल बाहेर जाणार, हे धरून चाला. नोकऱ्या फारशा नाहीत. प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी, परिचारिका यांना मात्र काम कमी पडत नाही. हातात कसब असलेला तरुण परत येत असेल तर त्याने जरूर यावं.

भाड्याचं घर कसं शोधू?

मे महिना सोडून या, तेव्हा सगळं पर्यटकांनी भरलेलं असतं. ऑनलाइन जाहिरातींत इथली घरं फारशी सापडत नाहीत. केळसकर नाक्यावर, बुरोंडी नाक्यावर किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, विद्यापीठाच्या परिसरातल्या चहाच्या टपरीवर विचारा आणि तुमचं गाव, काम, किती दिवस राहणार हे मोकळेपणाने सांगा. घर बघायला शक्यतो जुलैत या: भिंतीवर हात फिरवा, छताचे कोपरे बघा, मोरीचं पाणी कुठे जातं बघा. करार निदान पुढच्या अख्ख्या वर्षाचा करा, म्हणजे पावसाची झड आणि पाण्याची टंचाई दोन्ही एकाच करारात बघून होतील.